मागे बसून वाजवणाऱ्याचे मोठेपण

(यवतमाळ येथे संगीतरसिकांसमोर केलेले भाषण)



दारव्हा असो, पुसद असो की वणी. आपल्या जिल्ह्यात भजनी मंडळ म्हटले की पेटी आलीच. मात्र याच पेटीला आयुष्य वाहून घ्यायचे आहे, असे मुलाने म्हटले तर पालकांच्या कपाळावर आठी उमटते. म्हणूनच आज पंडित तुळशीदास बोरकर यांच्या जीवनकार्याचे स्मरण करावेसे वाटते.

१८ नोव्हेंबर १९३४ रोजी गोव्यातील बोरी येथे त्यांचा जन्म झाला. स्वरांचा पहिला संस्कार आईचा. पुढे छोटा गंधर्वांच्या साथीने त्यांचा हात घडला. त्यानंतर पी. मधुकर, म्हणजेच मधुकर पेडणेकर, यांचे शिष्यत्व लाभले. स्वतंत्र पेटीवादनाला रसिकमान्यता मिळवून देणाऱ्यांत मधुकरांचे नाव अग्रगण्य आहे.

काळ मात्र पेटीला अनुकूल नव्हता. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. पेटी परदेशातून आलेली. तिचे बारा स्वर बांधलेले. तिच्यात श्रुतींना वाव नाही, मींड निघत नाही, असा आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकूरही तिच्या विरोधात होते. १९७१ मध्ये ही बंदी काही अटींवर शिथिल झाली. बंदी आली तेव्हा बोरकर पाच वर्षांचे होते. ती सैल झाली तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. उमेदीची सारी वर्षे त्यांनी नभोवाणीची दारे बंद असलेल्या वाद्याला दिली!

मित्रहो, तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पट्टी दाबली की ठरलेलाच स्वर उमटतो. दोन स्वरांमधली वाट पेटीला चालता येत नाही. ही उणीव वादकाने साधनेने भरून काढायची असते. भात्याच्या दाबाने नाद लहानमोठा करणे, एक स्वर विरण्यापूर्वी दुसरा त्याला जोडणे, कणस्वर अलगद लावणे, यांतून मींडेचा आभास निर्माण होतो. परकीय वाद्य आपले झाले ते असे. कोणाच्या फर्मानाने नव्हे.

साथ, स्वतंत्र वादन आणि अध्यापन या बोरकरांच्या तीन वाटा वेगळ्या दिसतात, पण त्यांचा उगम एकच आहे. गायकाची जागा त्याच्याआधी वाजवली तर अविवेक, फार मागे राहिले तर गाण्यावर ओझे. साथीदार आधी ऐकतो, मग वाजवतो. असे ऐकणारा कलावंतच एकट्याने बसला की पेटी गाऊ लागते, आणि शिष्याचे नेमके काय चुकते हेही त्यालाच कळते. सुधीर नायक यांच्यासारख्या शिष्यांनी ही परंपरा पुढे नेली.

२००५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१६ मध्ये पद्मश्री देऊन राष्ट्राने बोरकरांचा गौरव केला. २९ सप्टेंबर २०१८ रोजी ते निवर्तले.

त्यांना आदरांजली वाहताना आपण तीन गोष्टी कराव्यात. कार्यक्रमपत्रिकेत साथीदाराचे नाव आवर्जून छापावे. त्याचे मानधन आधी ठरवावे आणि सन्मानाने द्यावे. आणि भजनात पेटीशी रमलेला एखादा मुलगा वा मुलगी दिसली, तर तिला गुरूपर्यंत पोहोचवावे. गायक पुढे दिसतो. पण त्याच्या मागे कोणी स्वर धरून बसलेला असतो, म्हणून मैफल उभी राहते.