आपल्या घरात एक वकील हवा
(बदनापूर येथे विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या घरात मुलगा हुशार निघाला की इंजिनिअर नाहीतर डॉक्टर, हे ठरलेलंच. पण जमिनीच्या वादात एकदा कोर्टाची नोटीस आली, तेव्हा दोन इंजिनिअर असलेल्या घरात ती कोणालाच समजली नाही. म्हणून आज एका वकिलाबद्दल बोलतो.

अब्दुल रहमान अंतुले, रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे. लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले, 1962 मध्ये आमदार झाले आणि जून 1980 मध्ये मुख्यमंत्री. राज्याचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री, ही ओळख आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांनी केलं काय?

आपला जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. संजय गांधी निराधार योजनाही त्यांच्याच काळातली. तिसरी गोष्ट हायकोर्टाची. तोवर मराठवाड्याच्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागे. गाडीभाडं, मुक्काम, वकिलाची फी. गरीब माणूस तिथेच हरायचा. औरंगाबादला खंडपीठ हवं, ही मागणी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं लावून धरली होती. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51 मध्ये दोन वाटा होत्या. कायम खंडपीठासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागे. तो येईना. दुसरी वाट अशी, की राज्यपालांच्या मंजुरीने मुख्य न्यायमूर्ती दुसऱ्या ठिकाणी न्यायाधीश बसवू शकतात. अंतुले सरकारने पाठबळ दिलं, मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी आदेश काढला आणि 27 ऑगस्ट 1981 रोजी औरंगाबादला काम सुरू झालं. त्याला आव्हान दिलं गेलं, पण सुप्रीम कोर्टात ते टिकलं. 1984 मध्ये खंडपीठ कायम झालं. कायद्यातलं एक पोटकलम नीट वाचलं, म्हणून आज बदनापूरचा शेतकरी सकाळी निघून संध्याकाळी घरी येतो.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर हे भाषण खोटं ठरेल. सिमेंट वाटपाच्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्याच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी 12 जानेवारी 1982 रोजी त्यांच्या विरोधात निकाल दिला आणि मुख्यमंत्रिपद गेलं. आपला माणूस म्हणून त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. कायदा मुख्यमंत्र्यालाही लागू होतो, हे चांगलंच आहे.

पण त्यांनी कोर्टातली लढाई सोडली नाही. 1988 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने मान्य केलं, की त्यांचा खटला हायकोर्टाकडे वळवण्याचा सुप्रीम कोर्टाचा आधीचा आदेशच चुकला होता. पुढे डिसेंबर 1991 मध्ये त्यांच्याच नावाच्या खटल्यात घटनापीठाने सांगितलं, की खटला लवकर निकाली निघणं हा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क आहे. तपासापासून अपिलापर्यंत.

हा हक्क सगळ्यात जास्त कोणाला हवा? देशाच्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यात गरीब आहेत, दलित, आदिवासी आहेत, आपली मुलंही आहेत. अंतुल्यांकडे मोठे वकील होते. या मुलांकडे कोण आहे?

म्हणून पालकांना विनंती. मुलगी म्हणाली "मला लॉ करायचंय", तर "त्यात काय पडलंय" असं म्हणू नका. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स आहे, पदवीनंतर तीन वर्षांचा. इंजिनिअर घरात पगार आणतो. वकील गल्लीच्या दारात न्याय आणू शकतो, आणि चुकलं तर आपल्याच पुढाऱ्याला जाबही विचारू शकतो.