चाकू जपायचाय? मग म्यानातून बाहेर काढा!

आजचा विषय, चाकूंचं कलेक्शन. घडी न होणारे, मोजकेच बनवलेले, जुन्या टूल स्टीलचे चाकू.

अमेरिकेतल्या ऑरलँडोचे रँडल चाकू घ्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या कमरेला असायचे. आजही ते ओ-१ नावाच्या पोलादातून घडवतात. त्यात क्रोमियम जेमतेम अर्धा टक्का. स्टेनलेस म्हणायला किमान १०.५ टक्के लागतं. म्हणजे धार झकास लागते, पण गंजही पटकन चढतो.

आणि आपण काय करतो? महागाचा पीस आला की चामड्याच्या म्यानात घालून थेट कपाटात. घात होतो तो इथेच. चामडं ओलावा धरून ठेवतं, शिवाय ते कमावतानाची रसायनं त्यात उरलेली असतात. पात्याला बारीक खड्डे पडतात. ते घासून काढले की मूळ फिनिश गेलं आणि किंमतही उतरली!

म्हणून म्यान वेगळं ठेवा. पातं कोरडं पुसून तेलाचा पातळ हात फिरवा. अधूनमधून बघत राहा, पावसाळ्यात तर जास्तच. वापरून आलेला करडा-निळसर थर मात्र घासू नका, तो पॅटिना. लाल दिसला तर तो गंज, लगेच काढा.

भेटू पुढच्या भागात!