मॉस्कोतला पाहुणा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. पियानोवर बोलणार म्हटल्यावर तुम्ही हसलात, त्याचा मला राग नाही. पियानो म्हणजे सिनेमातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू, एवढेच मलाही ठाऊक होते. पण मुलीने मोबाइलवर एक जुने वादन लावले आणि माझी भाकरी तव्यावर करपली.

वाजवणारा होता कॅनडाचा ग्लेन गूल्ड. १९५७ च्या मे महिन्यात तो मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीताच्या मोठ्या विद्यालयात, पाहुणा म्हणून गेला. वय अवघे २४. तेव्हा रशिया आणि पलीकडचे देश यांच्यातून विस्तव जात नव्हता. याचे नाव तिथे कोणाला माहीत असणार? ७ मे रोजी पहिल्या कार्यक्रमाला कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या. मध्यंतर झाले आणि लोक धावले टेलिफोनकडे, आपापल्या माणसांना बोलवायला. उत्तरार्धात सभागृह भरून गेले.

ध्यान मोठे विचित्र हो! वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली खुर्ची, जमिनीपासून १४ इंच. दुसरीवर बसायचा नाही. आधी हात गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. आणि वाजवताना तोंडाने गुणगुणायचा. ते ध्वनिमुद्रणातही ऐकू येते. स्वयंपाक करताना गुणगुणते म्हणून मी सासरी बोलणी खाल्ली आहेत, त्यामुळे मला तो तिथेच आपला वाटला.

तो बाख वाजवी. बाख हा अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार. आजीच्या घरी जात्यावर दोघी बसत. एकीची ओवी सरते न सरते तोच दुसरी तीच उचलून पुढे नेई. बाखचे तसेच आहे, फक्त दोघींचे काम दोन हातांनी करायचे, कधी तिघी-चौघींचेही!

पण मला सांगायची गोष्ट १२ मेची. त्या दिवशी विद्यार्थ्यांसमोर त्याने दुभाष्याच्या मदतीने भाषण केले आणि बर्ग, वेबर्न यांचे नवे संगीत वाजवले. हे संगीत तिथल्या सरकारला मान्य नव्हते. वेबर्नच्या रचनेत पेटीतल्या बाराही सुरांना सारखा मान, षड्जाचे मोठेपण नाही. मी ऐकले. खरे सांगू? मांडणीवरची भांडी एकेक करून पडावीत तसे वाटले. तिथेही कुजबूज झाली, काही वयस्क प्राध्यापक उठून गेले. विद्यार्थी बसून राहिले. शेवटी त्याने त्यांना बाख ऐकवला.

माहेरी आमच्याकडे पेटी होती. मास्तर भावाला शिकवायला येत. मी दाराआड लसूण सोलत सारेगम पाठ केले. भाऊ कंटाळला, पेटी विकली. मला कोणी विचारले नाही आणि मीही बोलले नाही. मला ती विकल्याचे तितके नाही, पण मी बोलले नाही हे अजून डाचते.

आपल्या मंडळाची पेटी भजनापुरती निघते, एरवी कपाटात असते. भाता ठीक आहे, एक पट्टी चिकटते. बाईंनी किल्ली माझ्याकडे दिली आहे. गुरुवारी दुपारी तीन वाजता मी ती उघडून बसणार आहे. कोणाची मुलगी दाराआड ऐकत असेल, तर तिला आत पाठवा.