दगडी फरसबंदी आणि आजची वाहने
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



जुन्या नगरांतील दगडी रस्ते आजच्या वाहनांपुढे टिकतील काय, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नव्हे. पूर्वजांची वास्तू ज्यांच्या हाती सोपविलेली आहे, त्या सर्वांचा तो आहे. उदाहरणादाखल आपण रोम नगरीकडे पाहू.

तेथे सोळाव्या शतकापासून ‘साम्पिएत्रिनी’ नावाचे दगड रस्त्यांत बसविलेले आहेत. संत पेत्राच्या महामंदिरावरून हे नाव पडले. दगड लाव्ह्याचा, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या कुळातला. वर रुंद, खाली निमुळता. तो वाळूच्या थरावर ठोकून बसवितात. शेजारचे दगड परस्परांना आवळून धरतात, भार वाटला जातो आणि पावसाचे पाणी सांध्यांतून मुरते.

घोडागाड्यांना एवढे पुरेसे होते. परंतु अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात डांबरी व काँक्रीट रस्त्यांवर झालेल्या प्रयोगांतून असे निष्पन्न झाले की, आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे १६ पट होते. बसगाड्या दगडी रस्त्याला का जड जातात, हे यावरून उमगावे.

तथापि झिजतो तो दगड नव्हे. खचतो तो त्याखालचा पाया. म्हणून दुरुस्तीचे मार्ग दोनच. हलकी रहदारी असेल तेथे खडीचा पाया थराथराने धुमसून, वर वाळू पसरून तेच दगड पुन्हा बसवावेत व कडा भक्कम कराव्यात. अवजड रहदारी असेल तेथे खाली काँक्रीट घालून सांधेही पक्क्या सिमेंटाने भरावेत. वाळूच्या पायावर सिमेंटचे सांधे, ही मिसळ मात्र घातक होय. सांधे तडकतात, पाणी आत शिरते आणि वाळू वाहून जाते. नळासाठी खणलेला चर नीट न धुमसता बुजविल्यासही हीच गत होते.

रोमच्या नगरपालिकेने २०१८ साली तिसरी वाट सुचविली: अवजड रहदारीच्या रस्त्यांवरचे दगड काढावेत आणि पादचाऱ्यांच्या रस्त्यांवर बसवावेत. म्हणजे दगड राहतो, त्याची जागा बदलते.

आपल्याही देवळांच्या दारापर्यंत आता यात्रेकरूंच्या बसगाड्या येतात. जुनी फरशी उखडून टाकण्याचा ठराव मांडण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: तिच्याखाली काय आहे, आणि गाडी थोडी अलीकडे थांबविता येईल काय? उखडून फेकलेला घडीव दगड पुन्हा मिळत नाही.