दिवा लागला म्हणजे काम झालं?



संयोजकांनी सांगितलं, ‘सध्या काय करतेस ते सांग.’ सॉफ्टवेअर लिहिते, हे एका वाक्यात संपलं. उरलेल्या वेळात माझ्या छंदाबद्दल आणि त्यातल्या एका चुकीबद्दल बोलते.

आम्ही चौघांनी मिळून एक जुनी, २४ फुटी शिडाची बोट घेतली आहे. ती मुंबई बंदरात असते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवतो. चौघांत इंजिनिअर मी एकटीच, त्यामुळे विजेचं काम माझ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी पुढच्या टोकावरच्या दिव्याची वायर तुटली. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा असा तो दिवा. रात्री समोरून येणाऱ्याला आपली दिशा त्यावरूनच कळते. मी तारांना पीळ दिला, डाख दिला, वर काळी टेप गुंडाळली. बटण दाबलं, दिवा लागला. ‘काम झालं’ असं ग्रुपवर लिहूनही टाकलं.

फेब्रुवारीत मांडव्याहून परतताना वारा पडला आणि अंधार झाला. दिवा लावलेला होता, पण तो कधी विझला ते कळलंच नाही. सुकाणूपाशी बसलेल्याला पुढचा दिवा दिसत नाही. समोरून एक मच्छीमार ट्रॉलर सरळ आमच्या रोखाने येत होता. मैत्रिणीने टॉर्चचा झोत शिडावर मारला. पांढरं शीड उजळलं आणि ट्रॉलर वळला. तिची नऊ वर्षांची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. घरी पोचेपर्यंत मी कोणाशी बोलू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सांधा उघडला. टेप उन्हाने सैल झालेली, आत हिरवी पूड. सातवी-आठवीत शिकलेलं केशाकर्षण आठवा. वात तेल ओढते तसं बारीक तारांच्या मधून खारं पाणी प्लॅस्टिकच्या आतून वीतभर चढलं होतं. त्यात वीज वाहत असली की तांबं आणखी लवकर झिजतं. शिवाय डाख दिलेला भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेला, बोटीच्या सततच्या हादऱ्यांनी, तारा एकेक करून तुटतात. घरात २३० व्होल्ट असतात, दोन कमी झाले तर पत्ता लागत नाही. बोटीत असतात १२. सांध्यात एक ओहमचा रोध आला आणि दिवा दोन अँपिअर घेत असला, तर दोन व्होल्ट तिथेच जातात.

आता नीट कसं करायचं ते सांगते. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारांची घ्यायची. आजीच्या पितळी पातेल्याला कल्हई असायची, तसाच हा प्रकार. काळी पडलेली तार चकाकी दिसेपर्यंत कापून टाकायची. आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी आधी वायरवर सरकवायची. हे विसरलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी तीनदा विसरले आहे. मग दोन्ही टोकं जोडनळीत घालून क्रिंपिंगच्या पकडीने दाबायची. पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटत नाही अशी पक्कड मिळते, तीच घ्यावी. मग जोरात ओढून बघायचं. शेवटी नळी सांध्यावर आणून गरम हवेने मधून कडांकडे आकसवायची. दोन्ही टोकांना गोंदाचं कडं बाहेर आलं की पाणी अडलं. वायर सांध्यापासून खाली झोळ देऊन बांधायची, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातून ठिबकतं, सांध्यात शिरत नाही.

हे सगळं मी चाळिशीनंतर शिकले. आठवीत कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी एक्स्टेन्शन बोर्ड केले आणि आम्ही मुलींनी रुमालांवर फुलं काढली. माझं फूल बाईंना आवडलं होतं, तक्रार नाही. पण एकदा मधल्या सुट्टीत मी मुलांच्या टेबलापाशी रेंगाळले, तेव्हा सरांनी पक्कड हातात दिली आणि म्हणाले, ‘दिवा लागला म्हणजे जोड पक्का झाला असं नाही. ओढून बघ.’ सर आज पहिल्या रांगेत आहेत. सर, बोटीवर मी ओढून बघितलं नव्हतं, आणि ऊन-पाण्याचा विचारही केला नव्हता.

बॅचतर्फे शाळेला संगणक द्यायचं ठरतंय. जरूर देऊ. पण त्याच पैशांत दहा पकडी, दोन मल्टीमीटर आणि वायरची भेंडोळी बसतील. ती मुलामुलींच्या एकाच टेबलावर ठेवावीत, एवढी विनंती. पहिले दोन शनिवार शिकवायला मी येईन.

ज्यांना बोटीवर यायचं असेल त्यांनी जरूर या. पुढचा दिवा आता लागतो, आणि निघण्याआधी कोणीतरी पुढे जाऊन तो डोळ्यांनी बघून येतं. बहुतेक वेळा ती मैत्रिणीची मुलगीच असते.