पडदा आणि डोळा
(ग्रामीण भागातील शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावात चित्रपट दाखविण्याची प्रथा जुनी आहे. जत्रेतील तंबू, शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना ताणलेला पांढरा कपडा, प्रसिद्धी खात्याची गाडी आणि तिच्या जनित्राची घरघर हे सर्व वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. चित्रपट संपला की सतरंज्या गुंडाळल्या जात आणि मंडळी घरोघर जात. पडद्यावर जे दिसले ते कसे दिसले, हे विचारण्यास सहसा कोणी थांबत नसे. अमेरिकेतील ब्रुकलाइन या गावी कूलिज कॉर्नर नावाच्या चित्रपटगृहाने २००५ साली चित्रपटाच्या जोडीला शास्त्रज्ञाचे व्याख्यान ठेवण्यास आरंभ केला आणि पुढे तेथील इतर अनेक गावांनी तो क्रम उचलला.

ही कल्पना परकी मानण्याचे मात्र कारण नाही. दादासाहेब फाळके हे बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग अशा अनेक विद्या त्यांनी हाताळल्या होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आला. त्याआधी त्यांनी एक लहानशी फीत तयार केली होती. तिचा नायक होता वाटाण्याचा दाणा! पेरलेल्या दाण्याची ठराविक अंतराने एकेक चित्रे घेतली आणि ती सलग दाखविली. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटला, पाने आली, रोप उभे राहिले. यातील हिशेब चौथीच्या मुलालाही करता येईल. तासाला एक याप्रमाणे तीस दिवस चित्रे घेतली, तर ती ७२० होतात. मूकपटाच्या काळी रूढ असलेल्या सेकंदाला सोळा या गतीने दाखविल्यास ती ४५ सेकंदांत संपतात. महिना पाऊण मिनिटात मावतो.

जादूगार आपली हातचलाखी कोणाला सांगत नाही. फाळक्यांनी ती सांगितली. १९१७ साली त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचीच फीत काढली. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये तर आरंभीच त्यांची लहान मुलगी मंदाकिनी चेहऱ्यावरील निरनिराळे भाव करून दाखविते, आणि मग त्याच मुलीचा श्रीकृष्ण होतो. ही नटी आहे, हे प्रेक्षकाला आधी सांगूनच कथा सुरू होते. पडद्यावर देव दिसताच लोक हात जोडीत असे सांगतात. ही मुलगी फाळक्यांची, हे कळल्यामुळे कोणाचे हात जोडावयाचे राहिले, असे काही ऐकिवात नाही.

फाळक्यांच्या घरी कोऱ्या फितीच्या कडांना छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात करीत. हे काम वाटते तितके किरकोळ नव्हे. त्या छिद्रांतच यंत्राचे दाते अडकतात आणि फीत पुढे ओढली जाते. छिद्र जरा चुकले की पडद्यावर चित्र थरथरते. फीत सरळ वाहत नाही, ती थांबत थांबत पुढे सरकते. एक चित्र क्षणभर स्थिर राहते, मग झडप आडवी येऊन प्रकाश अडविते, तेवढ्यात पुढचे चित्र जागेवर येते. बोलपटात हे सेकंदाला चोवीस वेळा घडते. आणि उजेडाची लुकलुक जाणवू नये म्हणून झडप प्रत्येक चित्रावर दोनदा, कधी तीनदा उजेड तोडते. म्हणजे फितीचा तीन तासांचा चित्रपट पाहणारा माणूस त्यातील तासाभराहून अधिक काळ कोऱ्या अंधाराकडे पाहत असतो. तिकिटाचे पैसे मात्र पुरे द्यावे लागतात. सध्याच्या नव्या यंत्रांत फीत नाही. तरी चोवीस चित्रांचा हिशेब चित्रपटाने सोडलेला नाही.

मग अंधार का दिसत नाही? डोळ्यावर उमटलेली प्रतिमा क्षणभर टिकून राहते, असे उत्तर पाठ्यपुस्तकांतून दिले जाते. ते अपुरे आहे. उजेडाची जलद उघडझाप डोळ्याला सलग भासते, ही एक गोष्ट. स्थिर चित्रांत हालचाल दिसणे ही दुसरी. फाळके पहिल्या चित्रपटाच्या तयारीत होते त्याच १९१२ साली जर्मनीत माक्स वर्टहायमर यांनी दाखवून दिले की, दोन स्थिर रेघा योग्य अंतराने एकापाठोपाठ दाखविल्या, तर माणसाला एकच रेघ सरकताना दिसते. हालचाल पडद्यावर नसते. दोन चित्रांमधील मोकळी जागा पाहणाऱ्याचा मेंदू भरून काढतो. टांग्याचे चाक पडद्यावर उलटे फिरताना दिसते तेही यामुळेच: दोन चित्रांच्या दरम्यान प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेच्या थोडा अलीकडे पोहोचला, की तो मागे सरकला असे मन ठरविते.

मोकळी जागा भरून काढण्याची ही सवय चित्रांपुरती राहत नाही, आणि येथेच हा विषय करमणुकीच्या बाहेर जातो. कराचीमध्ये बालकांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून एक छोटी चित्रफीत तयार झाली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावरील मूल उचलून नेतात, आणि लगेच परत आणून सोडतात. शेवटी सावधगिरीचा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापला. उरलेला तुकडा मुले पळविणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून भारतात मोबाइलवरून फिरला. अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. कात्रीने एवढे होते. आता तर संगणक माणसाचा चेहरा व आवाज तयार करून त्याने कधी न केलेले भाषण त्याच्या तोंडी घालू शकतो.

म्हणून गावातील प्रदर्शनात चर्चेचा अर्धा तास ठेवावा, आणि त्यात व्याख्यान थोडे व प्रयोग अधिक असावेत. पुठ्ठ्याच्या चकतीच्या एका बाजूस पक्षी व दुसऱ्या बाजूस पिंजरा काढून ती दोऱ्याने गरगर फिरवावी. एखादी लहान फीत आधी शेवट वगळून दाखवावी, काय घडले ते ग्रामस्थांकडून वदवून घ्यावे, मग ती पूर्ण दाखवावी. वाटाण्याचा प्रयोग शाळेला सहज जमेल. वाटीत ओल्या कापसावर मूग ठेवावेत, मोबाइल एका जागी घट्ट बांधावा, आणि दर अर्ध्या तासाने एक याप्रमाणे पाच दिवस चित्रे घ्यावीत. ती २४० होतील व पडद्यावर दहा सेकंद चालतील. रात्रीही दिवा एकसारखा ठेवावा आणि खिडकी झाकून घ्यावी. नाहीतर मुगापेक्षा उजेड-अंधाराचीच धावपळ अधिक दिसेल.