राखणदाराचे उत्तरदायित्व

(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



राजकोशाच्या अपहाराचे ४० प्रकार कौटिल्याने अर्थशास्त्रात नोंदविले आहेत. पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसेच अधिकारी धन केव्हा खातो हेही कळत नाही, असे तो म्हणतो. मात्र एवढे सांगून तो थांबत नाही. हिशेबाची मुदत, तपासणी, दंड आणि अपहार उघड करणाऱ्यास रकमेचा सहावा हिस्सा, अशी व्यवस्थाही तो लावून देतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना धाडलेल्या पत्राचा आशयही हाच आहे. रयतेच्या भाजीच्या देठावरही कारभाऱ्याचे मन जाऊ नये.

आजचे चित्र काय आहे? 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' ही दरमहा १५०० रुपयांची योजना २०२४ मध्ये गरजू भगिनींसाठी सुरू झाली. २०२५ च्या छाननीत दोन हजारांहून अधिक शासकीय महिला कर्मचारी लाभार्थी निघाल्या. खोटा अर्ज करणारा दोषी आहेच; परंतु शासनाच्याच वेतनपटावरील नाव पैसे देण्यापूर्वी पडताळले गेले नाही, याचे उत्तर कोणी द्यावयाचे?

आपल्या पनवेलने तर याहून मोठा घाव सोसला आहे. कर्नाळा नागरी सहकारी बँकेतील पैसा सामान्य ठेवीदारांचा होता. देखरेख मात्र सहकार खाते आणि रिझर्व्ह बँक यांची होती. साठहून अधिक बनावट कर्जखात्यांतून सुमारे ५०० कोटी रुपये वळविले गेले आणि हा प्रकार २००८ पासून चालू होता, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. गुन्हा नोंदला गेला २०२० मध्ये, बँकेचा परवाना रद्द झाला ऑगस्ट २०२१ मध्ये. विम्यामुळे ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना संरक्षण मिळाले. त्यावरील आयुष्यभराच्या पुंजीचे काय? दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. परंतु इतकी वर्षे लेखापरीक्षणाचे डोळे कोठे होते, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे.

कायदा अगदीच दुबळा नाही. १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार हलगर्जीपणामुळे झालेली शासकीय हानी कर्मचाऱ्याच्या वेतनातून वसूल करता येते. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम २७ नुसार गंभीर निष्काळजीपणाबद्दल निवृत्तिवेतनातूनही वसुली होऊ शकते. मेख पुढेच आहे. निवृत्तीपूर्वी चौकशी सुरू झाली नसेल, तर चार वर्षांहून जुन्या घटनेबद्दल ती नव्याने सुरू करता येत नाही. म्हणजे फाईल जितकी रेंगाळेल तितका दोषी निर्धास्त! विलंब हेच अपहाराचे कवच ठरते.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. प्रत्येक मंजुरीवर पडताळणी करणाऱ्याचे नाव असावे. लेखापरीक्षणातील आक्षेपाला मुदतीत उत्तर मिळावे. चौकशी निवृत्तीपूर्वीच सुरू व्हावी. प्रामाणिक कर्मचाऱ्याला याचे भय नाही. उलट दडपणाखाली सही नाकारण्याचे बळच त्याला लाभेल.

आणि आपण? २००५ चा माहिती अधिकार आपल्या हाती आहे. आपल्या प्रभागाचा, आपल्या ग्रामपंचायतीचा लेखापरीक्षण अहवाल मागा, वाचा, ग्रामसभेत प्रश्न विचारा. कोश राष्ट्राचा आहे, म्हणून त्याची राखणही राष्ट्रकार्यच आहे.